एटीव्ही बघायला जाताय? ‘टॉप किती’ हे सगळ्यात शेवटी विचारा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका कडेला उभं राहून गिऱ्हाइकं बघावीत. नवखा माणूस पहिलंच विचारतो, “किती पळतो?” जाणता माणूस आधी खूर उचलून बघतो, गुडघ्यावरनं हात फिरवतो आणि मग मालकाला म्हणतो, “जरा चालवून दाखवा.” घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याची चाल कळते, बारीकशी लंगड कळते, लगामाला तो किती ऐकतो ते कळतं. पळताना हे सगळं धुरळ्यात झाकून जातं.

हे आठवलं माझ्या भाच्यामुळे. शहादा तालुक्यात त्यांची पपई आणि केळी आहे, शेत नाल्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं. वर्षभर तो मोबाइलवर एटीव्हीचे व्हिडिओ बघतोय आणि मला विचारतोय, “मामा, सातशेवाली जास्त पयस ना?” म्हणजे सातशे सीसीची जास्त पळते ना. हाच प्रश्न मला सातपुड्याच्या पायथ्याशी कृषी पर्यटन सुरू करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनीही विचारला आहे. लाखांचा सौदा आहे आणि चुकीची गाडी घेतली तर हातपाय मोडायची भीती आहे, म्हणून मुळापासून सांगतो.

एटीव्ही म्हणजे काय

डांबर सोडून बाकी कुठल्याही जमिनीवर चालावी म्हणून बनवलेली, चार फुगीर टायरांची गाडी. बसायचं मोटारसायकलसारखं, दोन्ही बाजूंना पाय टाकून, आणि हातात हँडल. आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी ती पहिल्यांदा पाहिली ती कोकणात, नागाव-काशीदच्या वाळूत.

सुरुवात तीन चाकांपासून झाली. होंडाने १९७० मध्ये तीन चाकांची एटीव्ही बाजारात आणली. ती वळणावर फार उलटायची. इतकी माणसं आणि मुलं जायबंदी झाली की १९८८ मध्ये अमेरिकेत सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार कंपन्यांना तिची विक्री थांबवावी लागली. तोवर सुझुकीची चार चाकांची गाडी आली होती आणि १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना ताकद देणारी एटीव्ही आणली. आज शेतात दिसते ती याच वंशातली.

यात दोन जाती आहेत. एक शर्यतीची, तिला स्पोर्ट म्हणतात: हलकी, बुटकी, फक्त मागच्या चाकांवर पळणारी. दुसरी कामाची, युटिलिटी: जड, उंच, पुढे-मागे सामानाचे कॅरिअर असलेली, चारही चाकांवर ओढणारी. (शेजारी-शेजारी दोन सीट, स्टिअरिंग आणि डोक्यावर पाइपांची चौकट असलेली तिसरी जातही आहे, ती खरं तर छोटी जीपच, तिचा विषय वेगळा.)

एकाच मापाचं इंजिन, दोन स्वभाव

भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यामाहाच्या दोन गाड्यांत मिळतं. रॅप्टर ७०० आणि ग्रिझली ७००. दोन्हींचं इंजिन एका सिलिंडरचं, दोन्हींचं माप ६८६ सीसी. कागदावर सारखंच.

रॅप्टर शर्यतीची आहे. पायाने टाकायचे पाच गिअर, मागच्या चाकांना चेन, वजन १९० किलोच्या आसपास. पोटाखाली जमिनीपासूनची उंची जेमतेम साडेचार इंच. सपाट वाळूत ती तीर सुटावा तशी सुटते. तीच आपल्या नाल्यातल्या गोट्यांवर नेली, तर पहिल्याच मोठ्या दगडाला पोट टेकेल.

ग्रिझली कामाची. वजन ३०० किलोच्या वर, पोटाखाली अकरा इंचांहून जास्त मोकळी जागा, चारही चाकांना ताकद, हाय आणि लो असे दोन टप्पे. पुढच्या कॅरिअरवर ५० किलो, मागच्यावर ९० किलो चालतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पुढे युरियाची एक गोणी, मागे दोन. हिचा ‘टॉप’, म्हणजे जास्तीत जास्त वेग, रॅप्टरपेक्षा कमी. पण हीच गाडी तीन गोण्या घेऊन नाला चढेल आणि रॅप्टर रिकामी असूनही खालीच राहील.

इंजिनाचं माप सारखं असताना हा फरक येतो कुठून?

पान्याला पाइप लावण्याची गोष्ट

ट्रकच्या चाकाचा नट जाम झाला की मिस्त्री काय करतो? पान्याच्या दांड्याला लांब पाइप अडकवतो. हात तोच, ताकद तीच, पण नट सुटतो. बदल्यात हात दुप्पट अंतर फिरवावा लागतो.

नट फिरवणारा जो जोर असतो त्याला टॉर्क म्हणतात. मी त्याला ओढ म्हणेन. ते काम किती झटपट होतं त्याचं माप म्हणजे हॉर्सपॉवर. गिअर म्हणजे पान्याला लावलेला पाइप. लो गिअरमध्ये पाइप लांब होतो: ओढ वाढते, वेग घटतो. शर्यतीच्या गाडीत पाइप आखूड ठेवलेला असतो, कामाच्या गाडीत लांब. म्हणून ‘सीसी किती’ एवढ्यावरनं गाडी ओळखता येत नाही. ट्रॅक्टरवाल्याला हे सांगावं लागत नाही. नांगरटीला लो टाकायचं आणि रस्त्याला हाय, हे त्याच्या हाताला माहीत असतं.

सात सेकंदांचा हिशेब

आता वेगाचा हिशेब रुपया-आण्यांसारखा मांडू. समजा गावापासून डोंगराच्या कुशीतल्या शेतापर्यंत १२ किलोमीटरची कच्ची वाट आहे. तीत सरळ, मोकळा तुकडा फार तर १ किलोमीटरचा. तो ताशी ९० ने कापायला ४० सेकंद लागतात, ११० ने ३३. म्हणजे जास्त ‘टॉप’वाल्या गाडीने वाचवले ७ सेकंद.

उरले ११ किलोमीटर. दगड, चाकोऱ्या, वळणं, दोन नाले. तिथे एक गाडी सरासरी १५ ने जाते, कारण प्रत्येक खड्ड्याला अंग ठेचतं आणि माणूस आपोआप अंगठा सैल करतो. दुसरीचे स्प्रिंग आणि टायर चांगले, ती २० ने जाते. पहिलीला ४४ मिनिटं, दुसरीला ३३. म्हणजे ११ मिनिटं वाचली, तीही कुठे ‘पळवल्याशिवाय’. आणि एकदा चिखलात रुतून बैल बोलवावे लागले तर दोन्ही हिशेब पाण्यात.

शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर साधारण चौपट होतं. कच्च्या वाटेवर वळणापलीकडे गुरं असतात, शेळ्या असतात, सायकलवरचं शाळकरी पोर असतं. दिसतं तेवढ्याच अंतरात थांबता आलं पाहिजे. या एका अटीत बसवलं की आपल्याकडच्या वाटांवर ताशी ९० चा प्रश्नच उरत नाही.

पट्टा, अंगठा आणि उतार

बहुतेक कामाच्या एटीव्हींत हाताने दाबायचा क्लच आणि पायाने टाकायचे गिअर नसतात. ॲक्टिव्हासारखा रबरी पट्टा दोन पुल्यांमध्ये फिरतो. पुल्या रुंद-अरुंद होतात आणि गिअर आपोआप बदलल्यासारखा होतो. चालवायला सोपं. पण पट्ट्याचे दोन शत्रू आहेत, पाणी आणि उष्णता. पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरलं की तो घसरतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हाय टप्प्यात ओझं घेऊन चढ चढवला की तो तापतो आणि जळतो.

हे मी स्वतः केलं आहे. एका ओळखीच्या आप्पांच्या शेतावर, मागे ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी बांधून, बांधाच्या चढाला मी हायमध्येच अंगठा दाबत राहिलो. आधी गाडी गुरगुरली, मग जळक्या रबराचा तो उग्र वास आला. आप्पा धावत आले, चावी फिरवली आणि म्हणाले, “भाऊ, बैलाला चढावर शर्यतीचा चाबूक काय म्हणून मारता?” तासभर सावलीत गाडी उभी केली. मग लो टाकून तोच चढ ती काही न बोलता चढली.

अंगठा म्हटलं, तेही सांगतो. एटीव्हीला मूठ पिळायचा ॲक्सिलरेटर सहसा नसतो. उजव्या अंगठ्याने दाबायची छोटी पट्टी असते. खड्ड्यात गाडी आदळली की माणूस मागे फेकला जातो आणि हँडल घट्ट धरतो. मूठ पिळायची असती तर त्या झटक्यात ॲक्सिलरेटर वाढला असता. अंगठ्याची पट्टी सुटते आणि गाडी मंदावते. अर्ध्या तासात अंगठा भरून येतो, पण ही सोय जीव वाचवणारी आहे.

मला ज्या क्षणी ही गाडी खरी कळली तो मात्र उताराचा क्षण. आप्पांच्या नाल्याची दरड दोन पुरुष उंच, मुरमाड, खाली गोटे. लो टाकलं, पुढचं चाक कडेवर आणलं आणि अंगठा पूर्ण सोडला. गाडी घरंगळली नाही. इंजिनच चाकांना मागे ओढत होतं. एक चाक गोट्यावर चढलं, उतरलं, मग दुसरं. जुना बैल दरडीवरनं पाय चाचपत उतरतो, अगदी तशी ती खाली आली. ब्रेकला मी हात लावला नव्हता.

याला इंजिन ब्रेक म्हणतात. ॲक्टिव्हा हळू वेगात उतारावर सोडली की मोकळी घरंगळते, कारण तिचा क्लच सुटतो. काही पट्ट्याच्या एटीव्हींचंही तसंच होतं. चांगल्या गाड्यांत ते टाळायची खास सोय असते. होंडाची रँचर ४२० पट्ट्याऐवजी गिअरवरच चालते, त्यामुळे तिच्यात हा जोर मुळातच असतो आणि जळायला पट्टाच नाही. वेगाच्या स्पर्धेत ती मागे पडेल. ओझं, पाणी आणि चढ-उतार यांसाठी मला ती जास्त भरवशाची वाटते.

डिफरन्शियल, म्हणजे आळशी बैलाचा बंदोबस्त

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी पेटी म्हणजे डिफरन्शियल. तिचा एक दोष आहे: एक चाक चिखलात मोकळं फिरू लागलं की ताकद तिकडेच वाहून जाते, आणि कोरड्यावरचं चाक गप्प राहतं. जोडीतला एक बैल पाय घसरून धडपडतोय आणि दुसरा उभाच, असं. म्हणून ट्रॅक्टरला पायाजवळ डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं. दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात.

एटीव्हीत हे काम प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने करते. यामाहाच्या ग्रिझलीत बटण दाबून पुढची दोन्ही चाकं बांधता येतात. पोलारिसच्या स्पोर्ट्समनमध्ये मागची चाकं घसरू लागली की पुढची आपोआप कामाला लागतात. स्वस्तातल्या, शे-सव्वाशे सीसीच्या, चेनवर चालणाऱ्या गाड्यांत यातलं बहुधा काहीच नसतं. त्या दिसायला डिट्टो तशाच असतात, म्हणून विचारूनच घ्या.

सहाची हवा

मोटारसायकलच्या टायरात आपण २८-३० ची हवा भरतो. एटीव्हीच्या टायरात ५ ते ७ ची. ऐकून लोकांना चूक वाटते, पण सगळी जादू इथेच आहे. टायरात जेवढा दाब असतो, जमिनीवर साधारण तेवढाच दाब पडतो. म्हणून मोटारसायकलपेक्षा दुप्पट जड असूनही एटीव्ही मऊ मातीत कमी रुतते. काठेवाडी मेंढपाळांचा उंट वाळूत रुतत नाही, कारण त्याचं पाऊल गादीसारखं पसरतं. हेच तत्त्व.

पंपावरच्या पोराने सवयीने ३० ची भरली, तर गाडी चेंडूसारखी उडते आणि पकड जाते. कमी दाब मोजणारं वेगळं मीटर स्वतःजवळ ठेवा. साध्या मीटरवर ५ आणि ८ मधला फरक नीट कळत नाही.

आणि आपली काळी माती? पावसाळ्यात तिचा गारा टायरच्या नक्षीत भरतो, मडगार्डखाली दाटतो, आणि चारही चाकं गुळगुळीत लाडू होतात. याला कुठल्याच इंजिनाचा इलाज नाही. वापसा येईपर्यंत थांबायचं.

मागच्या चाकांच्या स्प्रिंगबद्दल थोडक्यात. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर असतील तर ओझ्याखाली गाडी दबत नाही, पण एक चाक दगडावर चढलं की सगळी गाडी कलते. प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होत असेल तर लांबच्या खडबडीत वाटेवर कंबर वाचते. ओझं जास्त तर पहिलं, वाट लांब तर दुसरं.

“मग मोठंच इंजिन घेतलं तर बिघडलं काय?”

पैसा असेल तर लोक हेच म्हणतात. कॅन-ॲमच्या आउटलँडरमध्ये हजार सीसीच्या आसपासचं दोन सिलिंडरचं इंजिन मिळतं. ताकदीत तिला तोड नाही. पण मोठं इंजिन म्हणजे जास्त वजन, जास्त पेट्रोल आणि मांडीशी जास्त धग. रुतली की काढायला चार माणसं. नवख्या माणसाच्या अंगठ्याखाली एवढी ताकद म्हणजे मुलाच्या हाती वासराऐवजी वळू देणं. आपल्या शेताला आणि वाटांना ४०० ते ५७० सीसी पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

“चार चाकं आहेत, उलटेल कशी?”

हा गैरसमज सगळ्यात घातक आहे. कडब्याने उंच भरलेली बैलगाडी बांधावर कलली की काय होतं ते आपण पाहिलं आहे. गाडी उलटणं दोन मापांवर ठरतं: चाकांमधली रुंदी आणि वजन जमिनीपासून किती उंचावर आहे. एटीव्ही अरुंद असते, उंच असते, आणि वर बसलेला ७०-८० किलोचा माणूस ते वजन आणखी वर नेतो. म्हणून उतारावर आडवी घालायची नाही. सरळ चढायचं, सरळ उतरायचं, आणि अंग चढाच्या बाजूला झुकवायचं.

सीट लांब असते ती अंग पुढे-मागे सरकवता यावं म्हणून. एका माणसाच्या गाडीवर मागे बायको-पोरं बसवली की ती सोय संपते आणि पुढचं चाक उचलायला लागतं. फवारणीची अर्धी भरलेली टाकीही तशीच वाईट. पाणी हिंदकळून ऐन कलत्या जागी वजन खालच्या अंगाला जातं. टाकी एक तर आत पाणी अडवणारे पडदे असलेली घ्या, नाही तर मागे छोट्या ट्रॉलीत ओढा.

ऑस्ट्रेलियात शेतावर अशा गाड्यांखाली चिरडून इतकी माणसं गेली की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या कामाच्या एटीव्हीला, ती उलटली तरी माणूस चिरडू नये म्हणून मागे संरक्षक कमान बंधनकारक झाली. आपल्याकडे सक्ती नसली तरी अशी कमान बसवून मिळत असेल तर बसवा. आणि हेल्मेट, शेतातल्या शेतातसुद्धा.

“रस्त्यावर आणि जंगलात नेता येईल का?”

बहुतेक एटीव्हींची आरटीओकडे नोंदणी होत नाही, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. पोलारिसने २०२१ मध्ये स्पोर्ट्समन ५७० ची ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेतलेली आवृत्ती भारतात आणली, ती याच अडचणीवर तोडगा म्हणून. विकणारा ‘चालतं हो’ म्हणाला तरी नोंदणीचा कागद मागा. अपघात झाला की विम्याचा प्रश्न त्या कागदावर येऊन थांबतो. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी सहाच्या हवेचे मऊ टायर डांबरावर वळताना विचित्र पकडतात आणि गाडी कलते.

जंगलाचं तर आणखी कडक आहे. यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर अभयारण्य, सातपुड्यातली राखीव वनं, इथे वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे. आणि परवानगीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या वाटा कुणाच्या तरी रोजच्या आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अजूनही आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं. ज्या पायवाटेवरनं ती झोळी जाते, ती मौजेसाठी टायरांनी उकरून पावसात वाहून जाऊ देऊ नये.

“मग वेगाची हौस कुठे भागवायची?”

हौस खोटी नाही. भाचा वीस वर्षांचा आहे. त्याला वारा लागायला हवा. कापूस उपटून झाल्यावर मोकळं रान पडतं. तिथे त्याने कडेचा तारकुंपणाचा खांब, विहीर आणि ठिबकचे व्हॉल्व्ह आधी पायी फिरून बघावेत, गुरं दुसरीकडे बांधावीत, हेल्मेट आणि बूट घालावेत, आणि मग हाय टाकून पळवावी. मी बांधावर उभा राहीन. पण गाडी घ्यायला आम्ही जाऊ तेव्हा विकणाऱ्याला त्याने आधी म्हणायचं आहे, “जरा उतारावर, लोमध्ये, अंगठा सोडून चालवून दाखवा.”